कागदावरचा जनरेटर

आमच्या मशीन लॅबच्या दारावर एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: यंत्रे चालू असताना साडी नेसून आत येऊ नये. आता यंत्रं बंद असताना लॅबमध्ये जाऊन करायचं काय, झाडू मारायचा? तेव्हा पाटीचा अर्थ सरळ होता. साडी नेसून आत येऊ नये. आणि अख्ख्या संस्थेत साडी नेसणारी मी एकटी होते. माझं नाव घालायचं तेवढं राहून गेलं होतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. संस्था अंधेरीला, स्टेशनपासून बरीच आत होती. पत्र्याच्या छपरांच्या दोन लांबलचक इमारती आणि मागे भाताची खाचरं. विजेच्या इंजिनियरिंगचा डिप्लोमा तिथे मिळायचा. मी जोगेश्वरीहून चालत यायचे. प्रवेश घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं होतं, "टायपिंगचा क्लास पलीकडच्या गल्लीत." मी म्हटलं, "मला टायपिंग नको, मला मोटारी हव्यात." तेव्हा त्याने मान वर केली. पुढे तीन वर्षं तो मला बघून मान हलवत राहिला. मीही त्याला बघून मान हलवत असे.

मशीन लॅबचे सर वयस्कर होते. धोतर, वर काळा कोट, काळी टोपी. शिकवायचे फार चांगलं, हे मी त्यांच्यावर कितीही चिडले असले तरी नाकारणार नाही. मुलांना ते अरे-तुरे करत आणि मला 'तुम्ही' म्हणत. त्या 'तुम्ही'त मान नव्हता, अंतर होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात थांबवलं.

"बाई, तुम्ही व्हरांड्यात बसा. आतल्या मशीनचा शाफ्ट मिनिटाला हजारावर फेरे घेतो. पदर अडकला तर तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"सर, मग मी प्रॅक्टिकल कसं करू?"

"कागदावर करा. थिअरी तीच असते."

त्यांनी ऐन तरुणपणी एका कारखान्यात पट्ट्यात हात गेलेला माणूस पाहिला होता, असं मुलं सांगत. त्यांची भीती खोटी नव्हती. पण ती माझ्या डोक्यावर का म्हणून? मला राग आला आणि तो गेला नाही. आजही गेलेला नाही.

व्हरांड्यात, लॅबच्या खिडकीखाली, मला एक बाक मिळाला. खिडकीला जाळी होती. आतला जनरेटर मला अर्धा दिसायचा, पूर्ण ऐकू यायचा. जवळच्या एका फिल्म स्टुडिओने तो भंगारात काढला आणि आमच्या संस्थेने उचलून आणला होता. स्टुडिओत असताना तो आर्कचे मोठाले दिवे पेटवायचा. मुलं फुशारकीने म्हणायची, या जनरेटरने काय एकेक नट्या पाहिल्यात! त्या नट्या साड्या नेसूनच त्याच्या आसपास वावरल्या असतील, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सरांनी मला फळ्यावरचे दोन आकडे लिहून घ्यायला सांगितले. एक, भार नसताना, म्हणजे बाहेर काहीच जोडलेलं नसताना, मशीन किती व्होल्ट देतं. दुसरा, आतल्या तारेचा रोध किती. "यावरून इक्विव्हॅलंट सर्किट काढा आणि हिशेब करा," म्हणाले. मराठीत त्याला समतुल्य मंडल म्हणतात. गोष्ट सोपी आहे. आत म्हशीएवढं धूड गरगर फिरतंय, त्यात लोखंड, तांबं, कार्बनचे ब्रश, तेल, धूर, सगळं आहे. ते सगळं बाजूला ठेवायचं आणि कागदावर एक वर्तुळ काढायचं. वर्तुळात E लिहायचं. हा मशीनच्या पोटात तयार होणारा विजेचा दाब. त्याला जोडून एक नागमोडी रेघ काढायची, तो आतल्या तारेचा रोध. मग दोन टोकं बाहेर. शेजारी आणखी एक छोटंसं मंडल, त्यातून चुंबकाला वेगळी वीज पुरवलेली. झालं. बाहेर प्रवाह जितका जास्त ओढाल तितका दाब आतल्या रोधातच खर्च होतो, आणि उरेल तो टोकांवर मिळतो.

मला ती आकृती आवडायला लागली. शिक्षा म्हणून मिळालेली गोष्ट आवडावी याचाही मला रागच आला, पण आवडली हे खरं. एवढ्या मोठ्या धुडाला दोन-तीन रेघांत बसवायचं आणि मग त्याला प्रश्न विचारायचे. इतका भार टाकला तर किती देशील? तितका टाकला तर? कागदावरचा जनरेटर निमूट उत्तरं द्यायचा. मी भार वाढवत जायचे, आलेखावर टिंबं मांडायचे, आणि टिंबांवर पट्टी ठेवून रेघ ओढायचे. रेघ सरळ, थोडी उताराची. टिंब एकही इकडेतिकडे नाही. पानाच्या माथ्यावर मी न चुकता लिहीत असे: आकडे हिशेबाने काढलेले, मीटरवरून घेतलेले नाहीत. हे मी प्रामाणिकपणाच्या हौसेने लिहीत नव्हते. मला आत घेत नाहीत, हे ज्याच्या हातात पान पडेल त्याला कळावं म्हणून लिहीत होते.

आत मुलं काय करत होती ते मला जाळीतून दिसायचं. म्हातारा जनरेटर तापट होता. ब्रशमधून ठिणग्या उडायच्या, मीटरचा काटा थरथरायचा, दिव्यांची फळी पेटली की उकाड्याने जीव जायचा. त्या फळीवर ओळीने बल्ब लावलेले होते आणि तोच आमचा भार. मुलं दोन-चार रीडिंग घेत, सर दुसऱ्या टेबलाकडे वळले की मशीन बंद करत, आणि मग कुणीतरी जाळीला नाक लावून म्हणे, "ए, तुझे आकडे दे ना."

"का रे? मशीन तुझ्यापुढे आहे. वाच की."

"काटा हलतोय गं. आणि तुझी रेघ काय झकास येते! आमची वाकडी आली तर सर परत करायला लावतात."

याला आमच्याकडे रीडिंग शिजवणं म्हणत. मागच्या वर्षीच्या मुलांकडून आकडे आणायचे आणि फोडणी देऊन आपले म्हणून वाढायचे. आमच्या तुकडीला ती यातायात पडली नाही. ताजं शिजवणारी व्हरांड्यात बसलेली होती. मी आकडे दिले. का दिले म्हणाल, तर मला वाटायचं, आत माझे आकडे तरी जाऊ देत. माथ्यावरची ओळ मात्र त्यांच्यापैकी एकानेही उतरवली नाही.

घरी आम्ही दोघी. आई मूळची मालवणकडची. वडील गेल्यावर ती गिरणीत लागली होती, वाइंडिंग खात्यात. दिवसभर उभं राहून, भराभर फिरणाऱ्या बॉबिनींमधलं तुटलेलं सूत ती सांधायची. नऊवारी लुगडं, घट्ट काष्टा, पदर कमरेला आवळलेला. ते खातं बायकांचंच होतं. मग नवी यंत्रं आली आणि साहेबलोकांच्या लक्षात आलं, की हे काम बायकांना झेपणारं नाही. इतकी वर्षं झेपत होतं ते कसं, हे कुणी विचारलं नाही. आईला घरी बसवलं. त्यानंतर ती लोकांचे डबे करायला लागली आणि तिने एक गोष्ट पक्की ठरवली: पोरगी लुगडं नेसणार नाही. पोरगी गोल साडी नेसेल, शिकेल, पंख्याखाली बसून काम करेल. माझी पहिली गोल साडी तिने स्वतः आणली होती आणि निऱ्या कशा घालतात ते शेजारच्या बाईंकडून शिकून मला शिकवलं होतं. तीच साडी मला दाराबाहेर ठेवते आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. उंच, खाकी पँट, बाह्या वर दुमडलेल्या. त्यांनी सगळ्यांचे आलेख लॅबमधल्या लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावले. मशीन बंद होतं म्हणून मलाही आत उभं राहता आलं. ते टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, परत आले, आणि मुलांना म्हणाले, "काय रे, तुमच्या जनरेटरला आर्मेचर रिअ‍ॅक्शन होत नाही वाटतं?"

आर्मेचर म्हणजे आतला फिरणारा भाग. त्यातून प्रवाह वाहू लागला की त्याचंही चुंबकत्व तयार होतं आणि ते मुख्य चुंबकाच्या कामात लुडबुड करतं. मग पोटातला E सुद्धा भाराबरोबर थोडा घसरतो, आणि खऱ्या मशीनची रेघ जड भाराला खाली वाकते. आम्हाला हे वर्गात शिकवलेलं होतं. सगळ्यांना पाठ होतं. आणि तरी टेबलावर पट्टीने ओढलेल्या सरळ रेघा, एकीची बहीण दुसरी.

"हे आकडे कुणाचे?"

मुलांपैकी एकाने माझ्याकडे बोट केलं. इतक्या पटकन, की मला हसू आलं. परीक्षकांनी माझं पान उचललं आणि माथ्यावरची ओळ वाचली. मग दारावरच्या पाटीकडे बघितलं, मग सरांकडे.

"ठीक," ते म्हणाले. "हे सगळे उद्या सकाळी परत येतील. माझ्यासमोर मशीन चालवतील, माझ्यासमोर मीटर वाचतील. नाही जमलं तर नापास."

मुलांचे चेहरे खुलले. मी विचारलं, "आणि मी, सर?"

परीक्षकांनी आमच्या सरांकडे बघितलं. सर टोपी सारखी करत म्हणाले, "त्यांना मशीनवर सोडता येत नाही. नियम आहे. त्यांची थिअरी उत्तम आहे, पण..."

"प्रॅक्टिकल नसेल तर मी गुण कसे देणार?" परीक्षक म्हणाले. "आणि याचे गुण नाहीत म्हणजे डिप्लोमा नाही. माझा नाइलाज आहे, बाई."

क्षणभर मला ते ऐकू आलंच नाही. मग आलं. ज्यांनी माझं उचललं त्यांना उद्याचा दिवस होता आणि मी खरं लिहिलं म्हणून मला उद्या नव्हता. तीन वर्षं जोगेश्वरी ते अंधेरी चालले ती काय व्हरांड्यातल्या बाकासाठी? माझे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं तर हे लोक त्यालाही बायकी म्हणतील, म्हणून मी ते येऊ दिलं नाही.

"सर," मी आमच्या सरांना म्हटलं, "तुम्ही रोज धोतर नेसून या मशीनभोवती फिरता. ते कसं अडकत नाही?"

मुलांमध्ये कुणीतरी खाकरलं. सर म्हणाले, "धोतराची गोष्ट वेगळी आहे. धोतराला काष्टा असतो."

"मग लुगड्यालाही असतो. उद्या मी काष्टा घालून येते. तुमच्या धोतरापेक्षा घट्ट."

परीक्षकांनी दुमडलेली बाही आणखी एकदा दुमडली. "उद्या सकाळी," ते एवढंच म्हणाले, आणि कोण यायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मी ते मला सांगितलं असं धरलं.

घरी येऊन मी आईकडे लुगडं मागितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं, पाटीपासून. तिचे हात थांबले.

"लुगडा नेसतलंस? तू?"

"आये, आत जावक दुसरी वाट नाय."

"तुका ह्या लुगड्यातना भायर काढूक मी जल्म घालवलंय. आणि तू परत त्यातच जातंस?" ती एवढ्या जोरात बोलली की शेजारचा रेडिओ कुणीतरी बारीक केला. "जाव नको त्यांच्या मशिनीकडे. दुसरा कायतरी शिक."

"कायतरी दुसरा शिकूचा नाय माका."

"मग माका सांगू नको." तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाठ केली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर तवाच फेकला असता. बाहेरून बघणाऱ्याला आई म्हणजे वेळेवर पोचणारे डबे दिसत. ते पोचवताना तिच्या आत किती खर्च होत होतं, ते मोजायला मीटर नव्हता, आणि मी मशीनच्या हिशेबात गुंग होते.

सकाळी पेटीतून तिचं हिरवं लुगडं मीच काढलं आणि आरशापुढे नेसायला लागले. लहानपणापासून रोज बघितलेलं, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. काष्टा खोचला आणि दोन पावलं टाकली तर तो मागून सुटून लोंबायला लागला. पुन्हा खोचला, पुन्हा सुटला. आई भाजी चिरत डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. तिला माझी गोष्ट पटली म्हणून ती उठली, असं मला वाटत नाही. वाईट काम तिला डोळ्यांनी बघवत नसे, म्हणून ती उठली.

"ह्या काय नेसणा झाला? पयल्याच फेऱ्यात सुटतला." तिने सगळं सोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "सरळ रव. पोट आत घे."

तिने असा आवळला की माझा श्वास अडकला. पदर पाठीवरून आणून कमरेला गुंडाळून खोचला. वेणीचा अंबाडा घालून वर फडकं बांधलं. बांगड्या काढून फळीवर ठेवल्या. गिरणीत जायच्या आधी ती स्वतःला जसं बांधायची, तस्संच. शेवटी काष्ट्याला मागून एक हिसका देऊन तिने तो सुटत नाही ना ते पाहिलं आणि म्हणाली, "मशिनीन माका कधी दुखावल्यान नाय. घराक धाडल्यानी ता माणसांनी." मग पुन्हा भाजीकडे वळली.

रस्त्याने लोक बघत होते. त्या काळात लुगडं नेसलेल्या बायका काही कमी नव्हत्या, पण त्या भाजीच्या टोपल्या घेऊन जात, हातात पट्टी आणि कंपासपेटी घेऊन नव्हे. फाटकाशी आमच्या तुकडीतला एकजण म्हणाला, "काय मावशी, मेथी कशी दिली?" मी म्हटलं, "तुला फुकट. आकडेही फुकटच नेलेस ना?" तो मागे सरला. चालताना पाय मोकळे पडत होते, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. गोल साडीत मी छोटी पावलं टाकत होते आणि तेच माझं चालणं आहे असं समजत होते.

लॅबच्या दारात सर उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची नजर पदराच्या टोकावर अडली, ते कमरेत खोचलेलं होतं. मग काष्ट्याकडे गेली. मग ती त्यांच्या स्वतःच्या धोतराकडे गेली, हे मी शपथेवर सांगेन. ते बाजूला झाले.

मुलांची पाळी आधी होती. कुणाचा काटा थरथरला, कुणी एकच आकडा तीनदा खोडला. मग परीक्षकांनी मला खूण केली.

मी जनरेटरला फिरवणाऱ्या मोटारीचा स्टार्टर ओढला. मोटार घुमली, तिच्याबरोबर जनरेटर. जमीन तळपायांना गुदगुल्या करायला लागली, जे व्हरांड्यातून कधी कळलं नव्हतं. चुंबकाला अजून वीज दिली नव्हती तरी व्होल्टमीटरचा काटा शून्यावरून किंचित उचलला. लोखंडात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, ते त्याने दाखवलं. पुस्तकात वाचलेलं होतं, पण काटा उचलताना बघून मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग मी चुंबकाला वीज दिली, काटा वर नेला, आणि दिव्यांच्या फळीवरचं एकेक बटण दाबायला लागले. एक ओळ, दुसरी ओळ. प्रत्येक वेळी दोन्ही मीटर वाचायचे, लिहायचे. परीक्षक माझ्या खांद्यामागे माझं जुनं पान हातात धरून उभे होते.

सुरुवातीला आकडे कागदाशी जुळले. मला वाटलं, बघा. मग भार वाढला तशी तफावत पडायला लागली. मोटार भाराखाली थोडी मंदावते, ते मी वजा करून बघितलं. तरी जुळेना. पूर्ण फळी पेटली तेव्हा मीटर माझ्या हिशेबापेक्षा चांगला खाली होता. तापलेल्या बल्बांच्या झळा तोंडावर येत होत्या. मागून एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "वाट लागली. हिचे आकडे चुकले."

परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या कागदाप्रमाणे इथे जास्त व्होल्ट हवे होते. आता काय लिहिणार?"

त्या आकृतीवर माझा जीव जडलेला होता. अख्ख्या लॅबमध्ये माझं म्हणून तेवढंच होतं. मी मीटरकडे बघितलं. काटा ब्रशच्या ठिणग्यांबरोबर हलत होता, पण कुठे हलतोय ते स्पष्ट होतं.

"मीटर सांगतोय ते," मी म्हटलं.

"म्हणजे तुमचं सर्किट चुकलं?"

"चुकलं नाही, सर. जे मी त्यात घातलं नव्हतं ते इथे दिसतंय. मी E ला भार कितीही असो, तेवढाच धरला होता. तो तेवढाच राहत नाही, आर्मेचर त्याला खाली ओढतं. किती ओढतं ते मशीनजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मला आत येऊ दिलं असतं तर पहिल्याच महिन्यात घातलं असतं."

शेवटचं वाक्य मी सरांकडे बघून बोलले. मशीनच्या आवाजामुळे ओरडून बोलावं लागलं, तेही बरंच झालं. परीक्षकांनी पेन्सिल पुढे केली. मी जुन्या पानावरच, सरळ रेघेखाली, नवी टिंबं मांडली आणि पट्टी न घेता हाताने रेघ काढली. ती शेवटाकडे वाकली. वर्तुळातल्या E शेजारी लिहिलं: भाराबरोबर घटतो, मोजून घ्यावा. माथ्यावरची जुनी ओळ मी तशीच राहू दिली, आणि खाली लिहिलं: हे आकडे मीटरवरून घेतलेले, स्वतः.

मी पास झाले. मुलंही झाली, बहुतेक सगळी. निकालानंतर सरांनी मला हाक मारली. "छान केलंत. आता या वेळेपुरता अपवाद म्हणून..."

"अपवाद नको, सर," मी म्हटलं. "पाटी बदला."

फार बोलले मी, असं घरी जाताना एकदा वाटून गेलं. पण बोलले ते बोलले.

डिप्लोमाचा कागद घ्यायला मी आईला बरोबर घेऊन गेले. ती याआधी संस्थेत कधी आली नव्हती. मी गोल साडीत होते, ती लुगड्यात. व्हरांड्यातून जाताना मी तिला माझा बाक दाखवला आणि मग लॅबच्या दाराशी थांबले. निळी पाटी तिथेच होती. रंगाऱ्याने 'साडी'च्या आधी एक शब्द कसाबसा कोंबला होता, बारीक अक्षरांत, रंग अजून ताजा. आता पाटी म्हणत होती: यंत्रे चालू असताना गोल साडी नेसून आत येऊ नये.

"काय लिवलाहा?" आईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मी वाचून दाखवलं. तिने आधी माझ्या साडीकडे बघितलं, मग स्वतःच्या लुगड्याकडे. "म्हणजे मी आत जावक शकतंय?"

"होय. तू जा. मी हयच रवतंय."

पण ती माझा हात धरूनच आत शिरली. मशीन बंद होतं. सर टेबलाशी कागद चाळत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, उठून उभे राहिले आणि आईला नमस्कार केला. आई नमस्कार करून थेट जनरेटरकडे गेली. त्याच्याभोवती एक फेरी मारली, ब्रशपाशी वाकली, लोखंडी अंगावर पंजा ठेवला. गिरणीतून काढल्यापासून तिने कुठल्याही यंत्राला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"चालू करा बघूया," ती म्हणाली. मला नाही, सरांना.

सर माझ्या साडीकडे बघून घुटमळले. मी आपण होऊन व्हरांड्यात गेले आणि जाळीतून बघत उभी राहिले. सरांनी धोतर सावरलं, स्टार्टर ओढला. मोटार घुमली, जनरेटर गरजायला लागला, आणि सर सवयीने पाऊलभर मागे सरले. आई जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून, मान जराशी कलती करून ती ऐकत राहिली, पूर्वी ती अशीच ऐकत असेल. मग ती वळली आणि जाळीकडे बघून, सगळ्या आवाजावर चढून, मला म्हणाली, "गो, ह्या एवढ्याश्या मशिनीक भियत होते हे?"